नळदुर्ग आणि गेगोंग

परक्या देशाच्या राजधानीत राहणे आणि परक्या देशाच्या एखाद्या लहान गावात राहणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी मूलतः भिन्न आहेत. कारण राजधानीत परदेशस्थ माणसाला आपल्यासारखे दुसरे परदेशस्थ भेटतात, त्याच्या भाषेचे आणि अन्नाचे लाड पुरवणारी एखादी वसाहत तेथे असते, आणि वर्षानुवर्षे राहूनही त्या देशाच्या अंतरंगापासून अलिप्त राहण्याची सोय त्याला आपोआप लाभते. लहान गावात यांपैकी काहीच नसते. तेथे पाणी गावाच्याच विहिरीचे, धान्य गावाच्याच शिवारातले, आणि बोलायचे झाले तर गावाच्याच बोलीत. शिवाय गावातले प्रत्येक पोर त्या माणसाला ओळखते, त्याच्या खाण्यापिण्याची, रागालोभाची आणि आजारपणाची वार्ता संध्याकाळच्या आत पारावर पोहोचते, आणि त्याचे मूल्यमापन त्याच्या पदव्यांवरून होत नाही, तर तो दारी आलेल्याशी कसा वागला यावरून होते.

धाराशिव जिल्हा आणि त्याला लागून असलेले सोलापूर यांचा इतिहास चाळताना या दुसऱ्या प्रकारच्या परदेशवासाची दोन उदाहरणे माझ्या मनात पुनःपुन्हा शेजारी येऊन उभी राहतात. एकात दूरदेशीचा माणूस आमच्या नळदुर्गात येऊन राहिला. दुसऱ्यात सोलापूरचा एक तरुण उत्तर चीनमधील डोंगराळ मुलखातल्या गेगोंग नावाच्या खेड्यात जाऊन राहिला आणि तेथेच त्याने देह ठेवला. सोलापूरपासून नळदुर्ग जेमतेम ४५ किलोमीटर आहे. हैदराबादकडे जाणाऱ्या त्या एकाच रस्त्याने मोगलांच्या फौजा गेल्या, निजामाचे तालुकदार गेले, तुळजापूरच्या यात्रेकरूंचे तांडे गेले, आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने निजामाच्या राज्यात पाऊल टाकले तेव्हा पहिली झुंजही याच रस्त्यावर, नळदुर्गजवळ, झाली. दोन्ही माणसे या रस्त्याची. म्हणून त्यांना एकत्र आठवणे मला अनुचित वाटत नाही.

या मुलखाला परक्या माणसाचे नावीन्य तसे कधीच नव्हते. तेरणेच्या काठी वसलेले तेर हे प्राचीन तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये सप्रमाण दाखवून दिले. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी पेठ असल्याचा, आणि तेथले जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवरून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेरच्या वस्तुसंग्रहालयात रोमन वळणाच्या वस्तू आज पाहावयास मिळतात, आणि तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीची जणू सख्खी बहीण आहे. एवढा दूरचा व्यापार चालत असता त्या पेठेत परदेशी माणसे उतरली असतील, राहिली असतील, आजारी पडली असतील. परंतु त्यांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. नाव उरण्यासाठी कोणीतरी लिहून ठेवावे लागते, आणि तसे लिहून ठेवणारा पहिला मोठा परदेशस्थ या जिल्ह्याला लाभला तो एकोणिसाव्या शतकात.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. वडिलांच्या व्यापारात खोट आली होती, म्हणून वयाच्या सोळाव्या वर्षी या मुलाला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी धाडण्यात आले. १८२४ मध्ये तो मुंबईस उतरला तेव्हा त्या व्यापाऱ्याचीच पेढी डबघाईस आलेली आढळली, आणि आप्तांच्या खटपटीने त्याच वर्षी त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. ही गोष्ट पुढील सर्व आयुष्याचे वळण ठरवणारी झाली. टेलर कंपनी सरकारचे सनदी नोकर नव्हते. त्यांना वरिष्ठांचा आधार नव्हता, आणि म्हणून ज्या मुलखात राहायचे त्या मुलखाची भाषा, कायदा, जमीन आणि माणसे जाणून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. हिंदुस्थानी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की ती बोलताना त्यांना आडकाठी अशी उरली नाही. मोजणी आणि स्थापत्य ते स्वतःच पुस्तकांवरून शिकले.

त्या दशकाच्या अखेरीस ते निजामाच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत पोलीस अधिकारी म्हणून फिरत होते, आणि तुळजापूर व नळदुर्ग यांच्याशी त्यांचा परिचय झाला तो त्या वेळी. वय विशीच्या आसपास, हाताशी थोडी घोडेस्वार मंडळी, आणि कारभार असा की एका परगण्याचा गुन्हेगार दुसऱ्या परगण्यात गेला की त्याला हात लावणारे कोणी नसे. त्या दिवसांतला एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. बाजारातले वाणी पिठात वाळू मिसळतात अशी तक्रार घेऊन लोकांचा जमाव त्यांच्या छावणीत आला. तेव्हा त्यांनी वाण्यांना बोलावून आणले, वजने तपासली तो ती हलकी निघाली, आणि मग त्यांनी दंड वगैरे काही न फर्मावता तेच पीठ त्यांच्यासमोर ठेवून त्यांना ते खावयास लावले. दातांखाली वाळू कचकचू लागली तशी वाण्यांनी गयावया केली, आणि जमलेल्या लोकांत हशा पिकला. न्यायदानाच्या कोणत्याही पुस्तकात न बसणारा हा न्याय गावाला मात्र पटणारा होता, कारण तो गावाच्या डोळ्यांदेखत आणि गावाच्या समजुतीच्या रीतीने झाला होता.

याच भागात वाटसरूंचे खून होतात आणि त्यांचा माग लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. तपासाचा धागा हाती लागण्याच्या बेतात असतानाच त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले, आणि काही काळाने इंग्रज अधिकारी स्लीमन यांच्या चौकशीतून वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांचे सर्व जाळे उघडकीस आले. आपण त्या शोधाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतलो याचे शल्य टेलर यांना जन्मभर राहिले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि इंग्लंडात अतिशय गाजलेली त्यांची ठगावरील कादंबरी या शल्यातून जन्मली असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या मेरी नावाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. या पामर यांची आई फैजबक्ष बेगम. तेव्हा टेलर यांच्या घरात हिंदुस्थानी रक्ताचे नाते आले. मेरी १८४४ मध्ये वारली. शोरापूरच्या बेरड संस्थानात राजा अज्ञान असताना त्यांनी १८४१ पासून बारा वर्षे कारभार पाहिला, आणि १८५३ मध्ये ते आमच्या जिल्ह्यात आले. त्या येण्यामागे एक करार होता. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचा पगार थकत गेला, थकबाकीचा डोंगर वाढला, आणि २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्या मुलखातल्या कुळांना, देशमुखांना, देशपांड्यांना किंवा कुलकर्ण्यांना कोणी विचारले नव्हते. रात्री निजताना एका सरकारची रयत असलेली गावे सकाळी दुसऱ्या सरकारची झाली.

टेलर यांनी आपले ठाणे नळदुर्ग येथे ठेवले आणि किल्ल्याच्या तटबंदीच्या आतच ते राहू लागले. ज्याने नळदुर्ग पाहिला आहे त्याला या निवडीचे आश्चर्य वाटणार नाही. बोरी नदीला वळवून, किल्ला आणि त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्यामध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ मध्ये मीर महंमद इमादीन या स्थपतीकडून बांधवून घेतलेले ते धरण; त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल, ज्याच्या सज्जात बसले असता पावसाळ्यात डोळ्यांसमोरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि आत बसणाऱ्याच्या अंगावर थेंबही येत नाही; सांडव्यावरून उड्या घेणारे ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे; आणि सर्वांवर नजर ठेवणारा उपळी बुरूज. टेलर यांनी पुढे विजापूरच्या वास्तुकलेविषयी लेखन केले, तेव्हा आदिलशाही बांधकामाची त्यांची जाण पुस्तकी नव्हती. त्या बांधकामात ते राहिले होते. आत्मचरित्रात नळदुर्गाचे जे वर्णन आहे त्यात सरकारी अहवालाची कोरडी भाषा मुळीच नाही. माणूस घराविषयी लिहितो तसे ते लिहिले आहे.

नळदुर्गातल्या त्या चार वर्षांत त्यांनी जे काम केले त्याचा आत्मा म्हणजे जमिनीची मोजणी आणि जमाबंदीची घडी. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेली सर्व्हे-पद्धती तेव्हा रूढ होऊ लागली होती; शेताशेताचे माप घेऊन, जमिनीची प्रत ठरवून, त्यावर ठराविक मुदतीसाठी सारा बसवावयाचा, म्हणजे कुळाला पुढची शाश्वती राहते. त्यापूर्वी येथे मक्त्याची पद्धत होती. तालुकदार हैदराबादेत पैसे भरून जिल्हा घेत असे, सावकाराकडून ते पैसे उचललेले असत, आणि सावकाराच्या वसुलीसाठी अरब-रोहिल्यांच्या तुकड्या गावावर बसत. अशा स्थितीत शेताच्या बांधावर साखळी टाकून उभा राहिलेला माणूस कुळाला कसा वाटला असेल याची कल्पना करता येते. रस्ते झाले, पडीक तळ्यांकडे लक्ष गेले, फिर्याद ऐकली जाऊ लागली. मराठी दफ्तराशी त्यांचा संबंध रोजचा होता, आणि वाद ऐकताना दुभाष्यावर विसंबण्याची गरज त्यांना नव्हती. खेड्यातल्या माणसाला ही एकच गोष्ट किती मोठी वाटते, हे कचेरीच्या पायऱ्यांवर दिवस काढलेल्यांनाच ठाऊक असते.

आणि तरीही हे सर्व टिकले किती? १८५७ च्या धामधुमीत हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटने टेलर यांना वऱ्हाडात बुलढाण्यास पाठवले. देण्यास सैन्य नाही, जसे जमेल तसे सांभाळा, अशा अर्थाचा निरोप बरोबर होता, आणि त्यांनी तो मुलूख सैन्याविना शांत राखला. तीन वर्षांनी, १८६० मध्ये, उठावाच्या काळी निजामाने इंग्रजांची बाजू राखली म्हणून बक्षिसादाखल धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश त्याला परत करण्यात आले. थकबाकीपायी जो मुलूख गेला तो निष्ठेपायी परत आला, आणि दोन्ही वेळा त्या मुलखातील माणसे कागदावरच्या आकड्यांपलीकडे कोणी मोजली नाहीत. टेलर यांचे कौतुक करताना मला या ठिकाणी नेहमी थांबावे लागते. ते सहृदय होते, कष्टाळू होते, या भूमीवर त्यांनी मनापासून प्रेम केले. परंतु ते ज्या खुर्चीवर बसून प्रेम करीत होते ती खुर्ची या भूमीची नव्हती. ती उचलली गेली तसे ते गेले. नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठिकाण म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत राहिले, मग कचेऱ्या धाराशिवला गेल्या, धाराशिवचे निजाम उस्मान अलीच्या नावावरून उस्मानाबाद झाले, आणि २०२३ मध्ये जिल्ह्याला पुन्हा जुने नाव मिळाले. या सर्व घालमेलीत टेलर यांचे स्मरण लोकांच्या तोंडी फारसे उरले नाही.

ते उरले त्यांच्या पुस्तकांत. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘तारा’ ही त्यांची कादंबरी १६५७ सालच्या महाराष्ट्रात घडते. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या आहे, आणि शिवाजीमहाराज व अफजलखान यांच्या संघर्षाची पार्श्वभूमी तिला आहे. तुळजापूरचा डोंगर, मंदिराच्या पायऱ्या, भोपे आणि मुरळ्या, बालाघाटाच्या कडेवरून दिसणारे खालचे मैदान हे सर्व ज्या माणसाने उमेदीच्या वयात घोड्यावरून पाहिले होते त्याने ते सुमारे पस्तीस वर्षांनी परदेशात बसून लिहिले. ग्रंथ मोठा आहे. त्यातल्या काही समजुती परक्याच्या आहेत, हेही खरे. १८७६ मध्ये फ्रान्समधील मांतोन येथे त्यांचा अंत झाला आणि पुढल्या वर्षी कन्या अ‍ॅलिस यांनी त्यांचे आत्मचरित्र छापून काढले.

टेलर यांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, १० ऑक्टोबर १९१० रोजी, सोलापुरात द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. तेव्हाचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे भोंगे, हातमागांची खडखड, आणि मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चार भाषांचा एकाच गल्लीतला संसार. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग या निजामी हद्दीतील माणसे कापसाला आणि औषधाला त्या गावी जात. हद्दीच्या पलीकडे इंग्रज होता, अलीकडे निजाम होता, पण रोगी सोलापुरासच न्यावा लागे. १९३० च्या स्वातंत्र्यचळवळीत सोलापूरने मार्शल लॉ पाहिला आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे फासावर गेले. अशा गावातला हा मुलगा मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला.

जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली, आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्याचे ठरवले. अलाहाबादचे मदनमोहन अटल प्रमुख, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी, आणि सर्वांत धाकट्यांपैकी एक सोलापूरचे कोटणीस. स्वतः परतंत्र असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला केलेले हे साहाय्य. त्यामागे तह नव्हता, थकबाकी नव्हती, मुलखाचा हव्यास नव्हता. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजाने निघाले, कँटनला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले, आणि हँकाऊ, ईचांग, चुंगकिंग असा मागे सरकणाऱ्या युद्धरेषेबरोबर प्रवास करीत ते फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. वाटेतच, चुंगकिंगमध्ये, कोटणिसांना वडील वारल्याची वार्ता कळली. घरी परतण्यास ते मोकळे होते. ते परतले नाहीत.

येनान हे त्या वेळी पिवळ्या मातीच्या टेकड्यांत दडलेले लहान गाव होते. विमानांतून बॉम्ब पडून वस्ती उद्ध्वस्त झाली होती, आणि माणसे टेकड्यांच्या पोटात कोरलेल्या गुहांत राहत. इस्पितळही गुहांत, शाळाही गुहांत. आमच्या धाराशिवजवळची लेणी काळ्या कातळात विरक्त साधूंसाठी कोरलेली आहेत. येनानच्या गुहा कुदळीने पोखरता येईल अशा मऊ मातीत संसारी माणसांसाठी खोदल्या होत्या, आणि हिवाळ्यात त्या उबदार राहत. खाण्यास मुख्यतः राळे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराला हे धान्य अपरिचित नव्हते. आमच्याकडेही पूर्वी शेताच्या कडेला राळ्याचे पट्टे असत आणि राळ्याचा भात गरिबाच्या ताटात असे. परंतु सणावारी किंवा अडीअडचणीला खाणे वेगळे आणि महिनोन्महिने त्यावर निर्वाह करणे वेगळे.

पथकातील इतर मंडळी एकेक करून परतू लागली. कोटणीस मात्र १९३९ च्या अखेरीस बसूंसह आघाडीकडे निघाले आणि जपानी सैन्याने वेढलेल्या प्रदेशातून वाट काढीत वूताई पर्वताच्या बाजूने उत्तर चीनमधील सरहद्दी मुलखात शिरले. जपान्यांविरुद्धच्या १९४० सालच्या मोठ्या मोहिमेत त्यांनी आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या. सलग तीन दिवस आणि तीन रात्री ते शस्त्रक्रियेच्या मेजापासून हलले नाहीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. हेबेई प्रांताच्या थांग तालुक्यात, थायहांग पर्वताच्या पायथ्याच्या खेड्यांत, कॅनडाहून आलेले डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी असेच काम केले होते आणि शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते तेथेच मरण पावले होते. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शांती इस्पितळाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांची नेमणूक झाली. हे इस्पितळ होते गेगोंग गावी.

इस्पितळ म्हणजे इमारत, असे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते ते येथे बाजूला ठेवावे लागते. गेगोंगचे इस्पितळ म्हणजे गावच. जखमी सैनिक शेतकऱ्यांच्या घरांत ठेवलेले असत, मातीच्या ज्या कट्ट्याखाली हिवाळ्यात विस्तव घालतात त्या कट्ट्यावर निजलेले. पट्ट्या धुवून पुन्हा वापरायच्या, औषधे तुटपुंजी. आणि जपानी तुकड्या मुलूख धुंडाळीत निघाल्याची खबर आली की रोगी, हत्यारे, पेट्या सर्व उचलून डोंगरात न्यावयाचे. ज्या गावाने हे केले त्या गावाने आपल्या घरादाराची आणि प्राणांची जोखीम घेतली होती, ही गोष्ट कोटणिसांच्या चरित्रात फार थोडक्यात येते, आणि मला ती अन्यायाची वाटते. परदेशस्थ माणसाच्या त्यागाविषयी लिहिताना त्याला आश्रय देणाऱ्या गावाचा त्याग झाकोळून जातो.

कोटणीस चिनी बोलायला आणि वाचायला शिकले, आणि तेवढ्यावर न थांबता त्या भाषेत शिकवू लागले. इस्पितळाला जोडून बेथ्यून यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा होती. तीत शिकायला येणारी मुलेमुली बहुतेक खेड्यांतली, जेमतेम लिहितावाचता येणारी, आणि काही महिन्यांत त्यांना जखमेशी झुंजायचे होते. अशा विद्यार्थ्यांना परक्या भाषेत शरीररचना समजावून सांगणे हे किती कठीण असेल! त्याच शाळेत शुश्रूषा शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला, आणि २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला; त्याचे नाव यिनहुआ ठेवले, ज्यात भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे गुंफलेली आहेत. कोटणिसांचे स्वतःचे चिनी नाव के दीहुआ होते आणि गावात ते त्याच नावाने ओळखले जात. त्याच वर्षी ते चिनी साम्यवादी पक्षात दाखल झाले. यावरून आपल्याकडे पुढे पुष्कळ वाद झाले, तो विषय मी येथे वाढवीत नाही. एवढे खरे की त्या गावातले जीवन त्यांनी पाहुण्याच्या नात्याने अंगीकारलेले नव्हते.

त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्यावी, उपचारासाठी मुलखाबाहेर जावे, असे वरिष्ठांनी सुचवले; त्यांनी ते मानले नाही. डॉक्टराला स्वतःच्या दुखण्याची गती कळत असते, आणि म्हणून या नकारात अज्ञान नव्हते. या निर्णयाचे मला कौतुक वाटते तसेच दुःखही होते, कारण घरी साडेतीन महिन्यांचे मूल होते. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटक्यामागून झटके आले आणि ९ डिसेंबरच्या पहाटे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेश लिहिला, चौ एन-लाय यांनी सोलापूरच्या कुटुंबाला पत्र धाडले. त्यांना प्रथम त्याच तालुक्यात पुरण्यात आले, आणि पुढे त्यांची समाधी शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आली.

भारतात त्यांचे नाव घरोघरी गेले ते ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकामुळे आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटामुळे. त्यात शांताराम स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री त्यांच्या पत्नी. चित्रपटाने मोठे काम केले, यात शंका नाही. परंतु पडद्यावर वीर दिसतो, गाव दिसत नाही. राळ्याचा भात, धुवून वाळत घातलेल्या पट्ट्या, वर्गातली अडखळती चिनी आणि रोग्याला स्वतःच्या अंथरुणावर जागा देणारी म्हातारी ही त्या जीवनाची खरी सामग्री होती. गुओ चिंगलान पुढे भारतात अनेकदा येऊन गेल्या; मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला, आणि त्या स्वतः २०१२ मध्ये दालियन येथे निवर्तल्या. त्याच वर्षी सोलापुरातील भैय्या चौकातले कोटणिसांचे घर स्मारक म्हणून लोकांसाठी खुले झाले. भारत आणि चीन यांच्यात १९६२ चे युद्ध होऊन गेले, सरहद्दीवर तेढ अजूनही संपलेली नाही. पण चीनहून पाहुणे येतात ते या घरी येतात.

आता त्या दोघांच्या लिहिण्याविषयी. टेलर यांनी तुळजापूर आणि नळदुर्ग यांच्याविषयी जे लिहिले ते उत्तम इंग्रजीत लिहिले, आणि ते लंडनच्या वाचकांसाठी होते. ज्या शास्त्र्याच्या घरात, ज्या देवीच्या पायऱ्यांवर त्यांनी आपली कथा बसवली तेथल्या माणसांना ती वाचता येण्यासारखी नव्हती. यात त्यांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यामुळेच दोन शतकांपूर्वीच्या तुळजापूरचा वारा आज आम्हाला थोडा तरी लागतो, आणि या ऋणाची जाणीव धाराशिवच्या प्रत्येक इतिहासप्रेमी माणसाने ठेवावी असे मला वाटते. कोटणिसांनी गेगोंगविषयी ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी गेगोंगसाठी लिहिला. शस्त्रक्रियेची सामान्य तत्त्वे सांगणारे एक पाठ्यपुस्तक त्यांनी त्या शाळेतल्या विद्यार्थ्यांकरिता पूर्ण केले, आणि एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेचे विवरण करणारे दुसरे हाती घेतले होते. ते अर्ध्यावर राहिले. परंतु ज्यांच्यासाठी ते लिहिले जात होते ती मुलेमुली तोवर गेगोंगच्या आसपासच्या खेड्यांत जखमा शिवू लागली होती.